मूत्रपिंडाची साक्ष

(नागपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर औषधनिर्माणशास्त्र शिकवत होते. त्यांचे कितीतरी विद्यार्थी आज समोर बसले आहेत. कुणाचं औषधाचं दुकान आहे, कुणी कारखान्यात आहे, कुणी अन्न व औषध प्रशासनात नोकरी केली आहे. मी मूत्रपिंडांचा डॉक्टर. तुमचं काम आणि माझं काम जिथे एकमेकांना भिडतं, तोच विषय मी आज निवडला आहे. तो सुखाचा नाही. पण या शहरात उभं राहून मूत्रपिंडांवर बोलायचं आणि तो टाळायचा, हे मला जमणार नाही.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुलं एकामागून एक आजारी पडली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आजार साधा: सर्दी, ताप, खोकला. औषध दिलं, ताप उतरला, आणि मग उलट्या सुरू होऊन लघवी बंद झाली. तिकडच्या लोकांना मोठ्या उपचारासाठी नागपूरच जवळचं, म्हणून ही मुलं इथल्या दवाखान्यांत आली. आधी मेंदूज्वराची शंका आली. पाणी तपासलं गेलं, उंदरांमुळे होणाऱ्या आजारांचाही विचार झाला. मूत्रपिंडाचा सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला तेव्हा त्याने जंतूंऐवजी विषाकडे बोट दाखवलं. मुलांनी घेतलेल्या खोकल्याच्या औषधाचा नमुना तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासला. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. औषधात ते चुकूनमाकून आलंच तर ०.१ टक्क्यापलीकडे असू नये, असा नियम आहे. वीसहून अधिक मुलं गेली.

जंतू दिसत नाही, पाणी स्वच्छ आहे, घरचे सांगतात की मूल परवापर्यंत खेळत होतं. अशा वेळी मूत्रपिंड साक्ष देतं. ही साक्ष आपल्याला जवळजवळ नव्वद वर्षं, एकाच रसायनाबद्दल, पुन्हापुन्हा मिळते आहे. माझं सगळं बोलणं त्याभोवतीच फिरणार आहे. पण त्यासाठी मूत्रपिंड काय करतं, आणि विषाला तेच का सापडतं, हे आधी नीट समजून घेऊ.

आपली दोन मूत्रपिंडं मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच या दोघांकडे जातो. मिनिटाला लिटरभर रक्त. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या, आणि प्रत्येक गाळणीला जोडलेली एक लांब, वळणावळणाची नलिका. या गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव खाली उतरतो. लघवी होते दीड लिटर. मधले १७८ लिटर गेले कुठे? ते नलिकांनी परत रक्तात घेतले.

मूत्रपिंड म्हणजे नुसती चाळणी, ही समजूत इथे अपुरी पडते. दिवाळीच्या आधी घरातलं सगळं सामान अंगणात काढतात आणि हवं तेवढंच पुसून परत आत नेतात, तशी ही पद्धत आहे. साखर, मीठ, अमिनो आम्लं, पाणी, जे कामाचं ते आत. जे नको ते बाहेर राहू द्यायचं. या पद्धतीत एक मोठी सोय आहे. शरीराने आधी कधीही न पाहिलेला पदार्थ आला तरी त्याला ओळखायची गरज पडत नाही, कारण परत उचलला नाही की तो आपोआप बाहेर जातो. पण हे उचलून नेण्याचं काम फुकट होत नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी गाळलेल्या पाण्यातला दोन-तृतीयांश वाटा परत घेतात. त्यासाठी त्या पेशींच्या भिंतीत असंख्य वाहक प्रथिनं बसवलेली असतात आणि आत मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात. त्यांना प्राणवायू सतत लागतो.

आता विषाच्या बाजूने विचार करा. रक्तात विष आलं की त्याचा मोठा वाटा याच अवयवातून जाणार. पाणी परत उचललं गेलं की नलिकेत उरलेलं विष आणखी दाट होणार. वर ही वाहक प्रथिनं. उपयोगी पदार्थासारखा दिसणारा विषारी पदार्थ आला तर ती त्यालाही इमानेइतबारे पेशीत ओढून घेणार. जो अवयव शरीराला विषापासून सोडवतो, त्याच्याच वाट्याला ते सगळ्यात जास्त येतं.

म्हणून मूत्रपिंडाला बाधणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक आहे. घोणस चावली की रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यांमध्ये हे वारंवार दिसतं. पॅराक्वाट हे तणनाशक मूत्रपिंडातून बाहेर जातं. पण ते आधी मूत्रपिंडालाच जखमी करतं, मग बाहेर जायची वाट बंद होते आणि उरलेलं विष फुप्फुसांत साठत जातं. गोरं करण्याच्या क्रीममधला पारा कातडीतून रक्तात शिरतो आणि गाळण्यांच्या पडद्याला इजा करतो. केरळमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची मालिकाच प्रसिद्ध केली. आणि रोजच्या पेनकिलरच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवणारं रसायन तयारच होऊ देत नाहीत. अंगात पाणी भरपूर असेल आणि मूत्रपिंड धडधाकट असेल तर एखाद्या गोळीने बिघडत नाही. पण वैशाखातल्या उन्हात दिवसभर खपून, घामाने सुकून, रात्री अंगदुखीवर दोन गोळ्या घेणारा मजूर, किंवा रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांवर असलेली आजी, यांच्या बाबतीत तीच गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळते. यावर वेगळं व्याख्यान होईल. दुकानदार मित्रांनी एवढं जरूर करावं: चिठ्ठीशिवाय पेनकिलर मागणाऱ्याला 'तुम्हाला किडनीचा, रक्तदाबाचा, साखरेचा त्रास आहे का?' एवढं विचारावं.

आता मूळ मुद्द्याकडे.

डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला पाण्यासारखं, थोडं दाटसर, चवीला गोड. वास नाही. कारखान्यांत ते विद्रावक म्हणून वापरतात, ब्रेक ऑइलमध्ये असतं, इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून वापरतात. पण दिसण्या-चवीच्या या गुणांपायीच ते ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारख्या निरुपद्रवी द्रवांच्या जागी खपून जातं. पातळ औषधात असे द्रव लागतातच. पॅरासिटामॉल नुसत्या पाण्यात पुरेसं विरघळत नाही. मुलांच्या बाटलीत ते विरघळवून गोड करायला ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल हवंच. औषधाच्या दर्जाचा द्रव महाग, कारखान्याच्या दर्जाचा स्वस्त. पिंप बाहेरून सारखंच दिसतं.

पोटात गेल्यावर डायइथिलीन ग्लायकॉल लगेच मारत नाही. पहिल्या दिवशी मळमळ, उलटी, थोडी गुंगी. पालकांना वाटतं, ताप आहे, होणारच. दरम्यान यकृत कामाला लागतं. दारू पचवणारी जी विकरं आपल्या यकृतात असतात, तीच याच्यावर काम करतात आणि त्याची आम्लं तयार होतात. त्यांतलं डायग्लायकॉलिक आम्ल हे खरं मारेकरी. शरीराच्या ऊर्जानिर्मितीतल्या सक्सिनिक आम्लाशी त्याची ठेवण जुळते, म्हणून नलिकेची वाहक प्रथिनं त्याला आपलं समजून आत ओढतात. आत ते साठतं आणि मायटोकॉन्ड्रियाचं काम थांबवतं. सर्वांत जास्त राबणाऱ्या पेशी सर्वांत आधी मरतात. एक ते तीन दिवसांत लघवी घटते, रक्त आम्लयुक्त होतं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीन रक्तात चढतं. रुग्ण त्यातूनही जगला तर आठवड्याभरात चेहऱ्याचे स्नायू लुळे पडणं, हातापायांतली ताकद जाणं, बेशुद्धी, अशी मज्जासंस्थेची लक्षणं दिसू शकतात.

यकृताने विष तयार करायच्या आधीच त्याला अडवता येतं, हेही माहीत आहे. तीच विकरं अडवणारं फोमेपिझोल नावाचं औषध आहे. ते नसेल तर वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल देतात, कारण ती विकरं ग्लायकॉलपेक्षा इथेनॉलला जास्त पसंत करतात आणि तेवढा वेळ ग्लायकॉल तसंच राहतं. मग डायलिसिसने ते रक्तातून काढून टाकायचं. पण हे सगळं पहिल्या काही तासांत झालं तरच उपयोगाचं. आणि त्या तासांत कुणाच्या मनात विषाची शंकाही नसते.

छिंदवाड्याच्या आकड्याचा अर्थ समजावा म्हणून साधा हिशेब करू. ४८.६ टक्के म्हणजे पाच मिलीच्या एका चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम विष. दिवसातून तीन चमचे म्हणजे सव्वासात ग्रॅम, सुमारे साडेसहा मिली. मूल १२ किलोचं धरलं तर किलोमागे दिवसाला अर्धा मिली. १९९५-९६मध्ये हैती देशात याच विषाने ८०हून अधिक मुलं गेली. त्या मुलांच्या पोटात गेलेल्या मात्रेचा अभ्यास झाला आहे, आणि तिचा मध्यांक किलोमागे सुमारे १.३ मिली निघाला होता. आपल्या हिशेबातलं मूल अडीच दिवसांत तिथे पोचतं. आई चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे, वेळ चुकू न देता औषध पाजते आहे, आणि ती जितकी काटेकोर, तितकं मूल लवकर तिथे पोचतं. हे मला फार जड जातं.

हे विष औषधात पहिल्यांदा कधी आलं? १९३७, अमेरिका. सल्फा औषधं तेव्हा नवी होती आणि घशाच्या, छातीच्या संसर्गावर जादूसारखी चालत होती. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेन्गिल कंपनीला गोळीऐवजी मुलांना पाजता येईल असं पातळ औषध हवं होतं. सल्फानिलामाइड सहजी विरघळत नाही. कंपनीचा रसायनतज्ज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स याला ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळताना आढळलं. रासबेरीची चव घातली. रंग, चव, वास तपासले आणि माल बाजारात गेला. विषबाधेची तपासणी केली नाही, कारण कायद्याला ती लागत नव्हती. या ग्लायकॉलचे प्राण्यांवरचे वाईट परिणाम तेव्हाही छापून आलेले होते. ते कुणी उघडून वाचले नाहीत. शंभरहून अधिक माणसं गेली, त्यांतली एक-तृतीयांश मुलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गावोगाव माणसं पाठवून बाटल्या गोळा केल्या. आणि कंपनीवर खटला कशाचा भरला? चुकीच्या नावाचा. औषध 'एलिक्सर' या नावाने विकलं होतं; 'एलिक्सर' म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं, ते यात नव्हतं! माणसं मारल्याबद्दल कायद्यात कलमच नव्हतं. वॉटकिन्सने पुढे आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, १९३८मध्ये, अमेरिकेत नवा कायदा आला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणं बंधनकारक झालं.

याच प्रकरणात शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्यांमध्ये फ्रान्सिस ओल्डम नावाची एक विद्यार्थिनी होती. तीच पुढे फ्रान्सिस केल्सी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, कंपनीचा रेटा असतानाही, थॅलिडोमाइड या औषधाला परवानगी देण्याआधी पुरावा मागत राहिली. त्या औषधामुळे युरोपात हजारो बाळं हातपाय खुंटलेली जन्मली. अमेरिका बऱ्याच अंशी वाचली. खुर्चीवर बसलेला एक माणूस 'पुरावा दाखवा' म्हणून अडून बसला तर काय होतं, ते यात दिसतं. समोर बसलेल्या तरुण निरीक्षकांसाठी मी हे मुद्दाम सांगतो आहे.

अमेरिकेत तो धडा एकदा शिकला गेला. आपल्याकडे काय झालं ते पाहा. १९७२मध्ये मद्रासला मुलं गेली. १९९८मध्ये गुडगाव परिसरात तीसहून अधिक मुलं गेली. २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूतल्या रामनगर भागात डझनभर. शेजारी बांगलादेशात ढाक्याच्या बालरुग्णालयात १९९० ते १९९२ या काळात कारण न कळलेल्या मूत्रपिंड-विकाराची ३३९ मुलं दाखल झाली, त्यांतली बहुतेक वाचली नाहीत. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधांवर बंदी आली आणि अशी मुलं येणं एकदम ओसरलं. २०२२मध्ये गांबियात जवळजवळ ७० मुलं दगावली, नंतर उझबेकिस्तानात. दोन्हीकडे संशयाचं बोट भारतात बनलेल्या औषधांवर होतं. मग २०२५, आणि आपलं नागपूर.

पण आपल्या महाराष्ट्राने विसरू नये असं प्रकरण आहे ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातलं. जानेवारी-फेब्रुवारी १९८६. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब कमी करण्यासाठी तेव्हा रुग्णाला तोंडाने ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, पाजत. ते रक्तात जाऊन ऊतींतलं पाणी ओढून घेतं. जुना, साधा, स्वस्त उपाय. ग्लिसरॉल घेतलेल्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली. १४ जण गेले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. तो माल औषधासाठी बनलेलाच नव्हता, तरी तो राज्यातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाच्या भांडारात पोचला आणि तिथून रुग्णाच्या ओठांपर्यंत.

राज्य सरकारने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. त्यांच्या अहवालाने केवळ एका पुरवठादाराला दोषी धरलं असतं तर मी आज तो उघडला नसता. लेंटिन यांनी खरेदीची साखळी उलगडली: रुग्णालयातली खरेदी कशी होते, परवाना कसा मिळतो, नमुना प्रयोगशाळेत कसा पास होतो, आणि औषध प्रशासनाच्या कामात मंत्र्यांच्या पातळीवरून कसा हात घातला जातो. त्यांनी अधिकाऱ्यांवर आणि मंत्र्यांवर कडक ताशेरे ओढले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या शोकांतिकेवर लेख लिहिला, म्हणून जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात तिची नोंद आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात हा अहवाल प्रकरण-प्रकरणाने वाचला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं. अभ्यासक्रमात अशी भेसळ पकडणारी गॅस क्रोमॅटोग्राफी ही तपासणी आहे. ती न केल्यावर काय झालं, तेही विद्यार्थ्याला कळू द्या.

आता कुणी म्हणेल, डॉक्टर, हे सगळं भेसळखोर व्यापाऱ्यांचं पाप आहे. तसं असतं तर उपाय सोपा होता. २००६मध्ये पनामात काय घडलं ते बघा. चीनमधल्या एका कारखान्यातून ग्लिसरीन म्हणून ४६ पिंपं निघाली, बार्सिलोनामार्गे पनामाला पोचली. प्रत्येक ठिकाणी मागच्या माणसाचं प्रमाणपत्र पाहून पुढच्याने आपल्या नावाचा कागद जोडला. पिंपाचं झाकण उघडून आत काय आहे हे वाटेत कुणीच तपासलं नाही. पनामा सरकारच्याच कारखान्यात त्यातून २ लाख ६० हजार बाटल्या खोकल्याचं औषध भरलं गेलं. रुग्ण लघवी बंद होऊन, अंग लुळं पडून येऊ लागले तेव्हा डॉक्टरांना आधी रक्तदाबाच्या लिसिनोप्रिल या गोळीचा संशय आला, कारण बरेच जण ती घेत होते. ती गोळी निर्दोष होती. तिने कोरडा खोकला होतो आणि खोकल्यासाठी त्यांना सरकारी बाटली मिळाली होती. या साखळीतल्या बहुतेकांना विष विकायचं नव्हतं. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला, एवढंच.

औषधाच्या दुनियेत कागद हा पुरावा नसतो. पिंप कारखान्याच्या दारात आलं की त्याच्या प्रत्येक खेपेतला नमुना काढून आपल्या प्रयोगशाळेत तपासायचा, हे आपल्या औषध नियमांत आधीपासून आहे. छिंदवाड्याच्या औषधाच्या चौकशीत औषधाच्या दर्जाचं नसलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरल्याचं समोर आलं, आणि कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. साडेतीनशे त्रुटी एका रात्रीत तयार होत नाहीत. त्या कारखान्यात कुणी वर्षानुवर्षं गेलं नव्हतं, किंवा जाऊन पाहिलं नव्हतं. नव्या कायद्याची गरज मला इथे दिसत नाही. माणसं, प्रयोगशाळा आणि निरीक्षणाची हिंमत यांची गरज आहे. पिंपातल्या द्रवाची ही तपासणी अवघड असती तर मी गप्प बसलो असतो. पण पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, ज्यात काचेच्या पट्टीवर थेंब टाकून तो किती वर चढतो ते बघतात, तेवढ्यानेही प्राथमिक इशारा मिळतो. खात्रीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी. जागतिक आरोग्य संघटनेने या दोन पायऱ्यांची पद्धत आपल्या आंतरराष्ट्रीय औषधसंहितेत दिली आहे.

आणखी एक गोष्ट मला टोचते. गांबियानंतर, १ जून २०२३पासून, परदेशी जाणारी खोकल्याची औषधं सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय निर्यात करता येत नाहीत, असा आदेश निघाला. चांगला आदेश. पण आपल्याच खेड्यांतल्या मुलांना जाणाऱ्या बाटलीला तो लागू नव्हता. परासियाचं मूल गांबियाच्या मुलापेक्षा कमी मोलाचं, असं कुणी ठरवून केलेलं नसेल. पण आदेशाचा अर्थ तोच झाला, आणि हे मी कुणाचीही भीड न ठेवता म्हणतो.

डॉक्टरांचंही चुकतं. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि तो आपला आपण बरा होतो. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच सांगितलं आहे. तरी दवाखान्यातून रिकाम्या हाताने जाणं पालकांना पटत नाही आणि डॉक्टरला ते समजावायला वेळ नसतो. त्या न दिलेल्या दहा मिनिटांच्या जागी एक बाटली येते. आम्ही हा वेळ द्यायला हवा. कोमट पाणी, स्तनपान, वर्षावरच्या मुलाला मध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि श्वास जोरात चालत असेल तर लगेच या, असं सांगणं. खोकल्यासाठी बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आमच्या क्षेत्रातली एक उणीव इथेच सांगतो, कारण ती मुलांच्या जिवावर बेतते. क्रिएटिनीनच्या रिपोर्टवर शेजारी 'सामान्य पातळी' म्हणून छापलेली असते ०.६ ते १.२ किंवा त्याच्या आसपास. ती प्रौढांची. तीन वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनीन ०.३-०.४ असतं, कारण ते स्नायूंपासून येतं आणि त्याचे स्नायू लहान असतात. अशा मुलाचं क्रिएटिनीन ०.९ आलं की कागदावर ते बिनधोक दिसतं, कुणी लाल खूण करत नाही. प्रत्यक्षात त्याच्या मूत्रपिंडाचं काम अर्ध्याच्याही खाली आलेलं असतं. प्रत्येक प्रयोगशाळेने मुलाच्या वयाप्रमाणे पातळी छापावी. त्याला पैसे लागत नाहीत, संगणकातला एक तक्ता बदलायचा आहे.

आणि क्रिएटिनीनच्या आधी लघवी. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. मुलाचं लंगोट कोरडं आहे की ओलं, हे आईला लगेच कळतं. लघवी किती वेळा झाली, शेवटची कधी झाली, हे प्रश्न उलटी-तापाच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत विचारावेत. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना हे शिकवायला कुठलंही यंत्र लागत नाही.

शेवटी आज घरी जाताना लक्षात ठेवायची गोष्ट. मुलाला पातळ औषध देत असताना उलट्या वाढल्या, मूल गुंगीत गेलं, किंवा आठ तासांत लघवी झाली नाही, तर ते औषध तिथेच थांबवा आणि थेट अशा दवाखान्यात जा जिथे डायलिसिसची सोय आहे किंवा जिथून पुढे लगेच पाठवतील. बाटली फेकू नका. ती धुऊन दुसरं काही भरायला घेऊ नका. झाकण घट्ट लावून, लेबल शाबूत ठेवून सोबत न्या, आणि खोकाही न्या. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कारखान्याचं नाव त्यावर असतं. दुकानाचं बिल असेल तर तेही. डॉक्टरांनी ती बाटली स्वतःच्या ड्रॉवरमध्ये न ठेवता त्याच दिवशी औषध निरीक्षकाला कळवावं. एकाच गावातली कारण न समजणारी दोन मूत्रपिंडबाधित मुलं एका आठवड्यात दिसली, तर तिसऱ्याची वाट बघू नये. आणि दुकानदार मित्रांनो, एखाद्या बॅचवर बंदीची सूचना आली की ती बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत सरकवू नका, त्याच तासाला काढून वेगळी ठेवा, आणि ती ज्यांनी नेली असेल त्यांच्या घरी फोन करा.